मांजरीचा डोळा म्हणून हसू नका

आम्ही नाशिकच्या इंदिरानगरमधल्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागे हप्ते गोळा करायला बसलो असताना एकीनं मोबाइलवर नातवाचा फोटो दाखवला. एक डोळा फ्लॅशमुळं लाल आलेला, दुसऱ्यात पांढरी चमक. "अगं, मांजरीसारखा दिसतोय!" म्हणून आम्ही हसलो. आशा म्हणून काम करणाऱ्या आमच्या ताई मात्र हसल्या नाहीत. "उद्याच डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्या," म्हणाल्या.

बाळाचा डोळा चांगला निघाला. फोटोच तिरका आला होता. पण त्या निमित्तानं आम्ही नीट माहिती घेतली, ती तुम्हाला सांगतो.

लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याला कॅन्सर होऊ शकतो. त्याला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक किंवा नव्यानं आलेला तिरळेपणा, ही त्याची पहिली खूण. दुखत नाही, म्हणून घरचे थांबतात. थांबलं की गाठ वाढते.

पूर्वी डोळा काढणं किंवा शेक देणं हेच मुख्य उपाय होते. मग सलाइनमधून केमो आली. ते औषध सगळ्या अंगात फिरतं. आता आणखी एक वाट आहे. जपानच्या डॉक्टरांनी तिची सुरुवात केली आणि २००६ पासून न्यूयॉर्कच्या डॉ. अब्रामसन आणि डॉ. गोबँ यांनी ती पुढं नेली. बाळाला भूल देतात. जांघेतल्या धमनीतून अगदी बारीक नळी आत सोडतात आणि पडद्यावर बघत बघत ती डोळ्याला रक्त नेणाऱ्या धमनीच्या तोंडाशी पोचवतात. तिथं थोडंसं औषध हळूहळू सोडतात. शेताला सगळीकडं पाणी न देता नेमकं मुळाशी ठिबक सोडावं, तसं. साधारण महिन्याच्या अंतरानं असं काही वेळा करतात. अंगात औषध कमी जातं, म्हणून त्रासही कमी. तरी पापणी सुजते, रक्तातल्या पेशी कमी होतात, क्वचित नजरेलाही धोका होतो.

हे प्रत्येक बाळाला चालत नाही. गाठ फार वाढली असेल, तर जीव वाचवायला डोळा काढावाच लागतो. डॉक्टरांनी तसं सांगितलं तर घरी परत येऊन बसू नका. कृत्रिम डोळा बसवता येतो. वेळेत उपचार झाले तर बहुतेक मुलं वाचतात.

एक गोष्ट सासवांनाही सांगा. ग्रहणात सुनेनं काही चिरलं म्हणून हा आजार होत नाही. पेशीतल्या एका जनुकात बिघाड होतो, त्यात आईची चूक नसते. काही घरांत तो वारशानं येतो, म्हणून भावंडांचेही डोळे तपासून घ्या.

अंगणवाडीत मुलांची तपासणी करणारं सरकारी पथक येतं, त्यांना विचारा. आपल्याला जवळचं मोठं ठिकाण म्हणजे मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल. तिथल्या समाजसेवा विभागात राहण्याची आणि पैशांची अडचण मोकळेपणानं सांगा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा.

आज मोबाइलमधले मुलांचे फोटो एकदा बघा. शंका आली तर तपासून घ्या. आमच्यासारखं काही निघालं नाही, तर पेढे वाटा.