'घरी बोलू नकोस' म्हणणाऱ्यांपासून सावध



नागपुरात इंजिनिअरिंगला असताना मी दीड महिना एका बैठकीला जायचो. चहा, आपुलकी, प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर. मग एक दिवस सांगितलं गेलं, 'इथलं घरी बोलू नकोस.' त्या रात्री अम्मीशी खोटं बोललो आणि झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून जाणं बंद केलं.

'शिकलेला माणूस फसत नाही' हा भ्रम आहे. १९७४ साली पुण्यात रजनीशांचा आश्रम सुरू झाला. तिथं डॉक्टर, वकीलही आले. १९८१ मध्ये मुक्काम अमेरिकेत ऑरेगनला हलला. १९८४ मध्ये स्थानिक निवडणूक जिंकण्यासाठी त्यांच्यातल्या काहींनी हॉटेलांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले. ७५१ लोक आजारी पडले. या कटात एक नर्सही होती.

म्हणून कोणताही गट असो, आपल्या दीनचं नाव घेणारा असला तरी, तीन प्रश्न विचारा. इथलं घरी सांगता येतं का? पैशाचा हिशेब दाखवतात का? सोडून गेलेल्याला सलाम करतात का?

एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर चपला घाला आणि घरी जा.