रोज एकच सुई

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भाताची लावणी उरकते आणि दवाखान्यात तापाचे पेशंट वाढतात. ‘डॉक्टर, गोळ्या नकोत, पावरफुल सुई मारा,’ हे वाक्य तेव्हा हमखास कानावर येतं. त्या सुईत पुष्कळदा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन असतं. औषध उत्तम आहे, पण ते ताप उतरवायचं औषध नव्हे. ठरावीक जिवाणू मारायचं औषध आहे.

याचं घराणं सापडलं ते सांडपाण्यात! १९४५ साली इटलीच्या सार्डिनिया बेटावर जुझेप्पे ब्रोत्झू यांनी, कालियारी शहराचं सांडपाणी समुद्राला मिळतं तिथून एक बुरशी मिळवली. टायफॉइडचे जंतू तिच्यापुढे टिकत नव्हते. सेफॅलोस्पोरिन औषधं त्या बुरशीतून आली. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे त्यांच्या तिसऱ्या पिढीतलं औषध.

जिवाणूला स्वतःभोवतीची भिंत नीट बांधू द्यायची नाही, हे या औषधाचं काम. ते रक्तात बराच वेळ टिकतं, म्हणून बहुतेक आजारांत दिवसातून एकदा दिलं तरी भागतं. दूरच्या आहुपे गावाहून घोडेगावच्या दवाखान्यात यायचं तर अख्खा दिवस मोडतो. तिथल्या माणसाला या एका सुईचं मोल कळेल. मेंदूज्वरात मात्र मोठा डोस दर बारा तासांनी लागतो. तिथे अ‍ॅडमिट होण्याला पर्याय नाही.

टायफॉइडमध्ये योग्य औषध चालू असूनही ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात. तिसऱ्या दिवशी घरचे वैतागतात, दवाखाना बदलतात, आणि नवा डॉक्टर नवं औषध सुरू करतो. त्यापेक्षा पहिल्या सुईआधी ब्लड कल्चरला रक्त दिलेलं बरं. सुई टोचल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू सापडणं अवघड होतं.

चिखलात तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. तो बळावला तर हे इंजेक्शन चालतं. पण गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस त्याला अजिबात दाद देत नाही. त्याचे जंतू आपल्या पेशींच्या आत राहतात. तिथे डॉक्सीसायक्लिनची स्वस्त गोळी काम करते. म्हणून तापाच्या माणसाची काख, जांघ, कमरपट्ट्याची जागा बघावी. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना दाखवा. ती दुखत नाही, त्यामुळे पेशंट स्वतःहून सांगत नाही. डेंग्यू, फ्लू, चिकुनगुन्या हे तर विषाणूंचे आजार. तिथे ही सुई फुकट.

आपल्याकडे उसातला बिबट्या आहेच. त्यानं केलेल्या जखमेवर डॉक्टर असं अँटिबायोटिक देतीलही, पण आधी पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुणं, मग रेबीजची लस आणि सीरम. हा क्रम चुकवू नका.

सुई देणाऱ्याला घरी बोलावून ती घेणाऱ्यांसाठी थोडं. कमरेत देताना दुखू नये म्हणून पावडर लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात कालवतात. ते मिश्रण शिरेतून कधीच द्यायचं नसतं. नवजात बाळाला कॅल्शियमचं सलाईन चालू असेल, तर हे औषध वर्ज्य. पेनिसिलिनची जोराची अ‍ॅलर्जी आली असेल, तर ती आधी सांगा.

ही सुई जपून वापरायची, कारण जंतू तिला सरावतात. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात या औषधाला न जुमानणारा टायफॉइड पसरला. आपल्याकडे २०१४ पासून ते शेड्यूल एच-वन या औषधांच्या यादीत आहे. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, विक्रीची नोंद तीन वर्षं जपायची. आणि गोठ्याचंही बघा: कासेला सूज येऊन दगडी झालेल्या गाईलाही याच औषधाची सुई देतात. तिचं दूध पशुवैद्यकांनी सांगितलेले दिवस डेअरीला घालू नका, आणि वासरालाही पाजू नका.