वाळूत हरवलेलं, वाळूत सापडलेलं

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरून आम्ही बोलतोय. आमच्या बचत गटात बारा जणी. मोसमात पुळणीवर घावणे, सोलकढी, माशांचं जेवण विकतो आणि ओहोटीला तिसऱ्या काढतो. दिवसाचा अर्धा वेळ पाय वाळूतच. त्यामुळे दर सुट्टीत कुणीतरी आमच्याकडेच धावत येतं, "ताई, माझी अंगठी पडली हो!"

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अशीच एक सूनबाई आली. लाटेत मंगळसूत्र गेलं होतं. आम्ही सगळ्या कामं टाकून गेलो. वीसेक माणसं गुडघाभर पाण्यात, कुणी खोऱ्याने उकरतंय, कुणी पायाने चाचपतंय. संध्याकाळपर्यंत काही मिळालं नाही. सून रडत होती आणि तिची सासू आमच्या पिशव्यांकडे बघत होती. तोंडाने काही बोलली नाही. पण ती नजर आम्हाला फार लागली. मग ठरवलं, शोधायचं तर नीट शिकून शोधायचं.

त्या दिवशी चुकलं ते हे. सोनं वाळूपेक्षा सहा-सात पट जड. लाट परतते तेव्हा पायाखालची वाळू सरकते ना, तशीच दागिन्याखालचीही सरकते आणि तो खाली बसतो. वर वीस माणसं नाचली की आणखी खाली. म्हणून आता आम्ही पहिल्यांदा सगळ्यांना बाहेर काढतो. ज्या बाईचं हरवलं तिला जागेवरच उभं करतो आणि खूण धरतो. समोर कुठला माड आणि त्याच्या मागे कुठलं घर एका रेषेत येतं, बाजूला कुठला खडक. होडीवाले समुद्रात जागा ओळखतात तसंच. काठी रोवून भागत नाही, भरती ती घेऊन जाते.

मग ओहोटीची वाट बघायची. भरतीचा हिशेब आपल्या आज्या बोटांवर करायच्या, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, थोडं मागंपुढं होतं, पण कामाला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब जातं, तेव्हा अष्टमीच्या भांगात न मिळालेली जागाही उघडी पडते. पाणी उतरलं की काठीने हात-हात रुंदीचे पट्टे आखायचे, एकेका पट्ट्यातली वाळू चाळायची आणि खड्डा तिथल्या तिथे बुजवायचा. वाळू घरी न्यायची नाही, त्याला बंदी आहे. डिसेंबर ते मार्च आमच्या कोकण किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, म्हणून त्या दिवसांत भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत आम्ही हात घालत नाही. अंड्यांचं घरटं फार तर दीड-दोन फुटांवर असतं, चुकून फुटायचं.

शेजारच्या पोराने ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला. आम्हाला वाटलं, आता झालंच काम! कोरड्या वाळूत बरा चालला. ओल्या वाळूत नेला तर नुसताच ओरडत सुटला. या यंत्राच्या तबकडीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज फिरते, खाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यात धातू आला की आवाज होतो. पण खाऱ्या पाण्यातूनही वीज वाहते, म्हणून साधं यंत्र तिथे गोंधळतं. त्यात आमच्याकडे वाळूत काळे पट्टे, लोखंड असलेल्या खनिजाचे. समुद्रासाठी वेगळ्या जातीचं यंत्र लागतं आणि ते महाग असतं. शिवाय साध्या यंत्राला बाटलीचं बूच, चांदीचा कागद आणि अंगठी यांतला फरक नीट कळत नाही. पहिल्या दिवशी आम्ही एकवीस बुचं काढली. पुळण तरी साफ झाली! पोरं दोरीला लोहचुंबक बांधून ओढतात, त्याला हल्लीची एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी चिकटतात. सोनं कधीच चिकटत नाही, हे लक्षात ठेवा.

खरा शोध पावसाळ्यानंतरचा. पावसाळ्यात समुद्र पुळणीवरची वाळू ओढून नेतो, किनारा खाली बसतो आणि जड वस्तू एकाच खळग्यात गोळा होतात. जाळ्याची शिशाची वजनं आणि नाणी एकत्र दिसली की तिथे हळू चाला.

मागच्या ऑक्टोबरात अशाच खळग्यात आमच्यातल्या एकीला तिसऱ्या काढताना सोन्याची बांगडी मिळाली. तिचा कर्जाचा हप्ता थकलेला, मुलीची फी भरायची. बैठकीत दोन तट पडले. "समुद्राने दिलं ते तिचं," असं अर्ध्या जणी म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर आमच्याही मनात क्षणभर तेच आलं. पण ती सासूची नजर आठवली. कायदाही विचारून घेतला. सापडलेली वस्तू मालक मिळेपर्यंत सांभाळायची जबाबदारी सापडणाऱ्याची, असं 1872 च्या करार कायद्यात आहे. मालकाचा शोध न घेता ती स्वतःची करून टाकली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद.

तिथे आम्ही एक चूक केली. बांगडीचा पूर्ण फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. संध्याकाळपर्यंत बांगडी एक आणि मालकिणी तीन! आता फोटो टाकत नाही. "दागिना सापडला आहे, खूण सांगा" एवढंच लिहितो.

सोडवणूक झाली ती हॉलमार्कमुळे. 2021 पासून हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एक क्रमांक कोरतात, त्याला एचयूआयडी म्हणतात. भिंगाने तो वाचला आणि मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला. मालकिणीचं नाव त्यात येत नाही, पण हॉलमार्क करून घेणाऱ्या सराफाचं येतं. तो निघाला कोल्हापूरचा. आम्ही बांगडी पोलिसांत दिली. पहिल्या दिवशी "उद्या या" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आठजणी गेलो आणि वजनासकट पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. पोलिसांनी सराफाला फोन लावला, त्याच्या बिलांवरून घर सापडलं.

दिवाळीनंतर त्या घरचा माणूस बिल घेऊन आला आणि बांगडी घेऊन गेला. आमच्या मैत्रिणीला एक साडी आणि पेढ्यांचा पुडा मिळाला. मालकाने बक्षीस आधी जाहीर केलं असेल तर ते कायद्याने मागता येतं. इथे केलंच नव्हतं. "सोन्याच्या बदल्यात पेढे," असं ती अजून चिडून म्हणते आणि आम्ही तिला गप्प करत नाही. हप्ता गटाच्या अंतर्गत कर्जातून भरला, तो ती फेडते आहे.

जुन्या नाण्यांचं मात्र वेगळं आहे. जमिनीत पुरलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. मालक निघाला नाही तर त्यात सापडणाऱ्याचा हक्क असतो. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, तिथे यंत्र घेऊन उकरायला कुणी बोलावलं तरी जाऊ नका. असे दोघे पाहुणे मागे आले होते, दिवसाला हजार देतो म्हणाले. आम्ही त्यांना जेवण वाढलं, पैसे घेतले आणि रस्ता दाखवला.

आता आमच्या हिशेबाच्या वहीत शेवटची चार पानं यासाठी ठेवली आहेत. काय हरवलं, कुठे, कुठल्या तिथीला, कुणाचा फोन नंबर. त्या सूनबाईचं मंगळसूत्र पहिल्या ओळीत आहे. ती ओळ अजून खोडलेली नाही.