झाडावर चढलेला प्यूमा

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९६४ च्या सुमारास संशोधक मॉरिस हॉर्नॉकर यांनी प्यूमा या मोठ्या रानमांजराचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा त्यांची भिस्त होती विल्बर वाइल्स यांच्या शिकारी कुत्र्यांवर. बर्फात ताजा माग दिसला की कुत्री सोडायची. प्यूमा एवढा ताकदवान, पण कुत्री भुंकत मागे लागली की सरळ झाड गाठतो! मग गुंगीच्या औषधाची सुई मारायची, कुणीतरी वर चढून त्याला दोरीने उतरवायचं (हे काम येरागबाळ्याचं नव्हे), मोजमाप घेऊन, खुणेचा बिल्ला लावून सोडायचं. तेच प्यूमा पुन्हापुन्हा सापडत गेले आणि कळलं, ते एकमेकांना टाळून, आपापला मुलूख धरून राहतात. पूर्वी प्यूमा मारणाऱ्याला तिथं बक्षीस मिळे. या अभ्यासातून हे सारं कळल्यावर, १९७२ मध्ये आयडाहोने प्यूमाची शिकार नियमांखाली आणली.