कुत्र्यापुढे टाकलेली कलेजी

जत्रांचे दिवस आहेत. गावोगावी बकरी कापली जातील आणि चार हातांवर कुत्री वाट बघत बसतील. त्यांच्याविषयीच आज बोलायचंय.

कधी कधी कलेजीवर पांढरट फोड दिसतो. सुरी लागली की नितळ पाण्याची चिळकांडी उडते, खाली बारीक रेती उरते. ‘पाण्याची गाठ आहे’ म्हणत कापणारा तेवढा भाग काढतो आणि कुत्र्याकडे भिरकावतो. गिऱ्हाईक म्हणतं, चला, घाण गेली. घाण गेली नाही हो, तिथूनच ती पसरते!

ती रेती म्हणजे एका पट्टकृमीची पिल्लं. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे जंत होतात आणि सहा-सात आठवड्यांत विष्ठेतून अंडी पडू लागतात. गवतावरची अंडी शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात जातात. कोथिंबिरीवरची, पाण्यातली, कुत्र्याच्या केसांना चिकटलेली आपल्या पोटात. मग आपल्याच यकृतात, फुप्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षं मुकाट्यानं वाढते. तिला हायडॅटिड म्हणतात.

गाजरगवताचं बघा. फुलोऱ्यावर आलेलं उपटून बांधावर टाकलं, तर वावर तेवढ्यापुरतं स्वच्छ दिसतं. बी मात्र बांधावर झडतं आणि पावसाबरोबर पुन्हा वावरात येतं. कुत्रा म्हणजे तो बांध. वावर कितीही खुरपा, बांधावर बी टाकणं थांबवलं नाही तर खुरपणारीचे हात दुखतील, एवढंच.

पुन्हा सांगतो, कारण गल्लत इथेच होते. गाठीची कलेजी खाऊन माणसाला ही गाठ होत नाही. ती होते कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे. म्हणूनच मटणाला कधी न शिवलेल्या माळकऱ्यालाही ती होऊ शकते. आइसलँडमध्ये हा रोग घरोघर होता. १८६० च्या दशकात तिथे लोकांना हेच समजावून सांगायला सुरुवात झाली, पुढे कुत्र्यांवर कायदे आले आणि रोग हटला.

  

तेव्हा खाटीकदादांनो, गाठ दिसली तर ती कलेजी, ते फुप्फुस विकू नका आणि कुत्र्यालाही टाकू नका. कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरा, नाहीतर अर्धा तास खळखळ उकळा. आणि घरच्या कुत्र्याला पशुवैद्यांना विचारून जंताचं औषध या आठवड्यातच द्या.