पडलेल्या माणसापर्यंत यंत्र पोहोचावे



 नागपूरजवळची, अमरावती रोडवरची आमची वाडी म्हणजे ट्रान्सपोर्टची आणि गोदामांची. माझेही आयुष्य याच धंद्यात गेले. पाठीच्या कण्याच्या दुखापतीवरची परिषद इथे कशाला, असे कोणी विचारले तर मी त्याला बाहेर उभे असलेले ट्रक दाखवीन. गच्च भरलेल्या ट्रकवर चढून हमाल ताडपत्री ओढतो, दोर आवळतो. दोर तुटला की माणूस पाठीवर खाली येतो. माझ्या डोळ्यांदेखत असा एक जण पडला. चौघांनी हातपाय धरून त्याला उचलले आणि ऑटोत कोंबले. जीव वाचला, पण कमरेखालचे सारे गेले. त्याची बायको दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, त्याची कूस बदलायची. तरी माकडहाडाशी जखम झालीच, आणि ती भरायला कित्येक महिने लागले.

आज आपण चर्चा करणार आहोत ती चालवणाऱ्या यांत्रिक सांगाड्यांची, म्हणजे एक्सोस्केलेटनची. पट्ट्यांनी कमरेला आणि पायांना बांधायचे, खुब्याशी आणि गुडघ्याशी मोटर, हातात कुबड्या. धड पुढे कलले की पाऊल पडते. इस्रायलच्या अमित गोफर यांनी असे ‘रीवॉक’ बनवले. १९९७ च्या अपघातात त्यांचे स्वतःचे हातपाय लुळे पडले होते. २०१४ मध्ये अमेरिकेने ते घरी वापरायला परवानगी दिली. पण कुबड्या पेलायला हातांत बळ लागते, म्हणून खुद्द गोफर यांना ते वापरता आले नाही. तज्ज्ञांना हे ठाऊकच आहे. घरच्यांनाही ते पहिल्याच भेटीत सांगा, एवढी विनंती. आमच्या त्या हमालाला उद्या कोणी सांगाडा फुकट दिला, तरी आधी जखम भरलेली हवी, सांधे मोकळे हवेत, हाडे वजन पेलणारी हवीत. म्हणजे यंत्राची तयारी अंथरुणावरच, कूस बदलण्यापासून सुरू होते, आणि ती करणाऱ्या बायकोला, आईला शिकवायला आज फारसे कोणी नसते.

महाराष्ट्राला पुनर्वसनाचे काम नवे नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. जखमी जवानांसाठी खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभे आहे. जवानाला जे मिळाले ते हमालालाही मिळायला हवे. केरळात तिथल्याच जेनरोबोटिक्स कंपनीचे चालण्याचा सराव देणारे यंत्र तिरुवनंतपुरमच्या सरकारी रुग्णालयात बसले आहे. महागडे यंत्र एकेका घराला झेपत नाही. ते सरकारी दवाखान्यात असले तर अनेकांच्या उपयोगी पडते. आमच्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मिहानच्या एम्समध्ये हा उपचार हमालाच्या खिशाला झेपावा, असा ठराव आपण इथून करावा, ही माझी कळकळीची मागणी आहे.

आणखी एक. दुपारच्या जेवणानंतर आमचे हमाल, ड्रायव्हर, क्लीनर मागच्या पटांगणात जमतील. कण्याला मार लागलेल्या माणसाची मान न हलवता त्याला फळीवर कसे घ्यायचे, हे आपल्यापैकी काही डॉक्टरांनी, फिजिओथेरपिस्टांनी त्यांना करून दाखवावे. फळ्या आणि पट्टे आम्ही आणून ठेवले आहेत.