रस्ता माहीत नव्हता

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू सायकल चालवतेस ना, मग त्यावरच दहा मिनिटं बोल. सॉफ्टवेअरवर नको, जेवणाआधीची वेळ आहे." म्हणून मी आज सायकलवरच बोलणार आहे, पण शेवटी एक हिशेबही चुकता करायचा आहे. तो आपल्या शाळेतलाच आहे.

मी गावातली मुलगी. घर मोती तलावाच्या पलीकडे. आठवीत बाबांनी लेडीज सायकल घेऊन दिली, त्यानंतर घर ते शाळा पाच मिनिटं. तीन वर्षांत मी एकदाही उशिरा आले नाही. सरांनी त्याचं कौतुक केलं आणि मला मॉनिटर केलं. प्रार्थनेनंतर फळ्याच्या कोपऱ्यात 'उशिरा आलेले' असं लिहून खाली नावं घालायची, हे माझं काम. ज्यांची नावं असत ते पहिला तास बाहेर उभे राहत. माझं अक्षर चांगलं होतं, त्यामुळे ती नावं लांबूनही वाचता यायची.

पुढे मी इंजिनिअर झाले, पुण्याला गेले, आणि सायकल सुटली ती वीस वर्षं. चाळिशी ओलांडल्यावर पाठ दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, खुर्चीतून उठा. मी रोड सायकल घेतली. पातळ टायर, वाकडं हँडल, मागे अकरा चकत्या. पहिल्या महिन्यात सिग्नलला दोनदा पडले. आता रविवारी ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात सायकल गाडीला बांधून इथे आणली आणि एका पहाटे शाळेच्या फाटकापासून आंबोलीला निघाले. आपल्यापैकी पुष्कळ जण त्या रस्त्याने शेकडो वेळा गेले असतील, पण एसटीच्या खिडकीतून किंवा कारमधून. सायकलवरून तो रस्ता वेगळा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

गाव संपलं की माडखोलपर्यंत रस्ता वर-खाली होत जातो. दोन्ही बाजूंना काजू, फणस, अधूनमधून पोफळीची बाग. बाग आली हे डोळ्यांआधी अंगाला कळतं, कारण हवा एकदम गार होते. पुढे दाणोली. साटम महाराजांच्या समाधीपाशी मी पाणी प्याले, केळी खाल्ली. दाणोलीनंतर डोंगर जवळ येतो, झाडं उंच होतात, आईन आणि किंजळ दिसायला लागतात, आणि घाट कधी सुरू झाला ते पायांनाच समजतं.

हा घाट सायकलवाल्यांना आवडतो, त्याला कारण आहे. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीकडे माल नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात या रस्त्याला महत्त्व आलं. आंबोली गावाची भरभराटही त्या वाटेवरचा मुक्काम म्हणून झाली. भरलेली बैलगाडी चढायची तर चढ एकसारखा हवा. बैलांची ती सोय आज आपल्याला मिळते. शंभर मीटर पुढे जावं तेव्हा साधारण चार-पाच मीटर वर जातो. सगळ्यात हलका गिअर टाकायचा, घाई करायची नाही, बोलता येईल एवढाच दम लागू द्यायचा. मी ताशी आठ किलोमीटरने चढत होते. त्या वेगात ट्रकचा आवाज दोन वळणं आधी ऐकू येतो, आणि तो गेला की रानाचे आवाज परत येतात.

मुख्य धबधब्यापाशी डिसेंबरात पाण्याची बारीकशी धार होती आणि माकडं माझ्या हँडलला लावलेल्या पिशवीकडे बघत होती. वर आंबोलीला पोचले तेव्हा उंची जवळजवळ सातशे मीटर, आणि घामाने भिजलेल्या अंगाला थंडी वाजायला लागली. आजऱ्याच्या दिशेने थोडं पुढे जाऊन हिरण्यकेशीला गेले. देवळामागच्या गुहेतून पाणी येतं. ते आजरा, गडहिंग्लजवरून घटप्रभेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. तासाभरापूर्वी ज्या धारेपाशी मी उभी होते तिचं पाणी मात्र अरबी समुद्राला जातं. भूगोलात 'जलविभाजक' हा शब्द पाठ करून मी दोन गुण मिळवले होते. तो पायाखाली आला तो या वयात. याच हिरण्यकेशीत २०२० साली माशाची एक नवी जात नोंदली गेली, तिला नदीचंच नाव दिलं, आणि पुढच्या वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आपण तिथे सहलीला जाऊन पाण्यात पाय घालून बसलो होतो, मासे पायाला टोचतात म्हणून ओरडलो होतो.

उतरताना घाटाच्या पायथ्याशी चहासाठी थांबले. टपरीवरच्या बाईने माझ्याकडे, मग सायकलकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगो, एवढा मोठा कॉलेज केलंस आणि सायकलीर इलंस? गाडी नाय काय घेवक?"

ती आपल्या वर्गातली. आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि मी हे तिला विचारून सांगते आहे. नाव मात्र सांगणार नाही, कारण तिचं नाव सगळ्यांसमोर मी पुरेशा वेळा लिहिलेलं आहे. त्या फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा तेच असायचं.

चहा झाल्यावर तिने तिचं माहेर दाखवायला नेलं. मुख्य रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत वाडी. मधे व्हाळ, त्यावर साकव. ती सांगत होती, मी ऐकत होते. सकाळी आठला घरातून निघायचं, रस्त्यावर येऊन गाडीची वाट बघायची. घाटात दरड आली की गाडी नाही, आली तर भरलेली. पावसाळ्यात साकवावरून पाणी गेलं की ते उतरेपर्यंत अलीकडेच थांबायचं. "मगे शाळेत येवन भायर उभी," असं म्हणून ती हसली. मला हसता आलं नाही.

आमच्या कामात एखादी गोष्ट उशिरा पोचली की आम्ही तिला दोष देत नाही. ती निघाली कधी, वाटेत कुठे अडकली, किती वेळ अडकली, याची नोंद काढतो. गेली बावीस वर्षं मी त्याचाच पगार घेते. आणि शाळेत तीन वर्षं रोज उशिराची नोंद करूनही, ही मुलगी कुठल्या वाटेने येते, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

म्हणून त्यानंतरच्या जुलैत मी मुद्दाम पुन्हा आले. रात्री तिच्या माहेरी राहिले. सकाळी साडेआठला सायकल हातात धरून निघाले. पाऊस असा की समोरचं दिसत नव्हतं. झाडीतून कस्तूर पक्ष्याची शीळ तेवढी ऐकू येत होती, आणि पायावर जळू चढली ती रस्त्यावर येईपर्यंत कळली नाही. साकवावर पाणी होतं. अर्धा तास थांबले. मुख्य रस्त्याला लागायला पावणेदहा झाले. तिथून आपली शाळा चौदा किलोमीटर. माझ्याकडे चांगली सायकल, रेनकोट, दिवा, आणि पोटात तिच्या वहिनीने दिलेली गरम भाकरी. तरी शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा पावणेअकरा झाले होते. प्रार्थना होऊन गेली होती. माझं नाव कोणी लिहिलं नाही.

ती दहावी पास झाली, हे तुम्हाला आठवत असेल. पुढे का शिकली नाहीस, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "अकरावीक परत तोच रस्तो. घरच्यांनी सांगल्यानी, पुरे." मग मी माफी मागितली, तर म्हणाली, "तुका रस्तोच म्हायती नव्हतो, तू काय करतलंस?" तिने मला सोडून दिलं. मी स्वतःला तेवढं सहज सोडू शकत नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते: बाई गो, चुकलं माझं.

सर, तुमच्याबद्दल तक्रार म्हणून हे बोलत नाही. शिस्त हवीच होती, तिचा मला उपयोगच झाला. पण वेळेवर येणं हा माझा गुण नव्हता, ते माझ्या घराचं अंतर होतं.

आता दोन मागण्या. पहिली सोपी आहे. उद्या सकाळी सहाला फाटकाशी जमून दाणोलीपर्यंत सायकलने जाऊ. तिथपर्यंत मोठा चढ नाही. ज्यांना घाट चढायचा आहे त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत यावं, मी सोबत येईन. उजेडात चढा, उजेडात उतरा, कारण संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात आणि धुकं केव्हा उतरेल सांगता येत नाही. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. वळणाच्या आधी दाबा, वळणात सोडा.

दुसरी मागणी. शाळेच्या स्टँडवर आज बऱ्याच सायकली दिसल्या, मुलींच्या जास्त. सायकल मिळाली तरी पंक्चर, ब्रेकचे रबर, चेन यासाठी ती घरी पडून राहते. आपल्या बॅचतर्फे शाळेत एक पंप, पंक्चरचं सामान आणि पान्यांचा एक संच ठेवू, आणि जूनमध्ये एक दिवस येऊन सगळ्या सायकली तपासून देऊ. पहिल्या वर्षाचा खर्च मी करते. हात काळे करायला तुम्ही या.

आणि सध्या जे वर्गशिक्षक आहेत त्यांना एक विनंती. उशिराची यादी ठेवा, पण नावापुढे वाडीही लिहायला सांगा.

जेवण तयार आहे, असं मागून खुणावत आहेत. मी वेळेत संपवते, ती सवय अजून आहे.